विचारायला लाज कसली

बंगळूरात देवनहळ्ळीहून हेब्बाळला ऑफिसची कॅब सकाळी तासभर घेते. त्या तासात मी आणि माझ्या टीममधली एक मुलगी इंग्रजी शिकायचो. मी चव्वेचाळिसाचा, ती चोविसाची. दोघंही निपाणीकडचे, मराठी शाळेतले. आदल्या दिवशी साहेबांच्या तोंडून ऐकलेला एखादा वाक्प्रचार ती फोनवर शोधायची आणि आम्ही त्याला आपल्याकडची जोडी लावायचो. 'पीस ऑफ केक' म्हणजे डाव्या हातचा मळ, इथवर आमची मजल गेली होती. तिला गुरुजी मिळाल्याचा आनंद, मला गुरुजी झाल्याचा. "अडलं तर सरळ विचारायचं," मी तिला बजावायचो. "विचारायला लाज कसली?" लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! मी स्वतः वीस वर्षं नुसती मान डोलवून नोकरी केली होती.

त्या गुरुवारी साहेब ठरवणार होते की नव्या क्लायंटसमोर काम कोणी मांडायचं. काम तिचं होतं, तीन महिने राबून केलेलं. मांडणारही तीच, हे जवळजवळ नक्की होतं, आणि तिच्या नोकरीतली ती पहिलीच मोठी संधी होती. मीटिंगमध्ये ती छान बोलली. शेवटी साहेब म्हणाले, "लेट्स नॉट बॉइल द ओशन." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. समुद्र कुणी आणि कशाला उकळायचा, याचा मला काडीचा पत्ता नव्हता.

तिनं हात वर केला आणि साध्या इंग्रजीत विचारलं, "सर, म्हणजे काय?" विचारताना तिनं माझ्याकडे बघितलं.

मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो, जणू हे मी पाळण्यातच शिकून आलो होतो. मग सगळी खोली हसली. साहेबांनी तिला एकेक शब्द सुटा करून समजावलं, की नसता पसारा मांडायचा नाही, एवढाच अर्थ. आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाले, "क्लायंटसमोर या खेपेला तुम्हीच बोला, तुम्हाला अनुभव आहे." मी "शुअर" म्हणालो. हे आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात. मी तिला नुसतं हसलो नाही, तिच्या हातातलं काम घेतलं आणि वर मान ताठ ठेवली.

संध्याकाळी परतीच्या कॅबमध्ये आम्ही शेजारीच बसलो. मीच म्हणालो, "मनाला लावून घेऊ नको गं."

"अण्णा, तुम्हाला ठाऊक होता काय वो त्याचा अर्थ?"

खोटं ओठावर आलं होतं, पण तिच्याकडे बघून बोलवेना. "नव्हता ठाऊक."

"मग हसलात कशाला?"

"सगळेच हसले ना, म्हणून."

"सगळे मागनं हसले," ती म्हणाली. "पहिल्यांदा तुम्ही हसलात."