लिंडनचे बुडबुडे

आमच्या लिंडनला, माझ्या धाकट्या भावाला, खोटं बोलता येत नाही. बोलायला लागला की कान खाजवतो. त्या सकाळी आमच्या डोव्हर गावच्या धक्क्यावर चालताना त्याचा उजवा पाय फरपटला, दोरांच्या ढिगावर पडता पडता वाचला, आणि मी काही विचारायच्या आत कान खाजवत म्हणाला, "रात्री पाय अवघडला होता."

"इकडे ये. तोंड उघड."

"ग्वेन, अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा आहे मी!"

"घोड्याचेही दात बघतात. उघड म्हणते ना!"

मी वास घेतला. चहा आणि टोस्ट. दारूचा मागमूस नाही. हुश्श केलं, तर शेजारी जाळं दुरुस्त करत बसलेला म्हातारा केल्विन वर न बघताच बोलला, "आईवर गेलाय पोरगा."

आईवर गेला म्हणजे काय, हे आमच्या गावात कुणी विचारत नाही. आमची आई डोरीन भर दुपारी रस्त्यात झोकांड्या खायची. हातातून बशी पडायची, बोलताना जीभ अडखळायची. पिते, असं सगळे म्हणायचे. बाबाही म्हणायचे. चाळिशी गाठायच्या आत ती गेली आणि मागे तेवढा एक शब्द ठेवून गेली. म्हणून लिंडननं जन्मात बिअरला हात लावला नाही, आणि तरीही केल्विनसारख्यांची तोंडं कोण धरणार!

लिंडन पाणबुड्या. टास्मानियाच्या या दक्षिण टोकाला खडकांवर ॲबलोनी नावाच्या तळहाताएवढ्या शिंपल्या चिकटलेल्या असतात, त्या लोखंडी पट्टीनं उचकटून आणायच्या. होडी माझी. खाली तो, वर मी, मध्ये हवेची नळी. नळीला एक हिसका म्हणजे ठीक आहे, तीन म्हणजे ओढ. वर असताना आम्ही भांडतो. नळीवर मात्र कधी भांडलो नाही.

नांगर टाकल्यावर तो हळूच म्हणाला, "बुडबुडे आहेत गं. कुणाला सांगू नकोस."

खोलातून घाईनं वर आलं की रक्तात हवेचे बुडबुडे होतात, हातपाय बधिर पडतात. इथले पाणबुडे ते सांगत नाहीत. सांगितलं की डॉक्टर पाण्यात उतरणंच बंद करतो. मग जो तो स्वतःच वैद्य. पुन्हा तेवढंच खोल जायचं आणि सावकाश वर यायचं, म्हणजे बुडबुडे जिरतात म्हणे. या उपायानं माणसं मेलीत, तरी आमच्या लोकांची त्यावर श्रद्धा चर्चपेक्षा मोठी. मागच्या उन्हाळ्यात लिंडननं हेच केलं होतं आणि दोन-तीन आठवड्यांत पाय बराही झाला. "बघ, जिरले!" म्हणाला. मीही मान डोलावली, कारण मला तेच हवं होतं. बुडबुडे परवडले, पण आईवर जाणं नको.

"नको उतरूस आज," मी म्हटलं.

"कप्तानबाई, गप नळी धरा."

उतरला. एक हिसका आला. ठीक. थोड्या वेळानं आणखी एक. मग काहीच नाही. मी एक हिसका दिला, उत्तर नाही. पुन्हा दिला. नळी ताणून राहिली, जणू खाली दगडाला बांधली आहे. "लिंडन!" मी ओरडले, पाण्याखाली माणसाला ऐकू येतं असं समजून. मग कंबर कसून ओढायला लागले. हाताची सालं निघाली. शेवटी समुद्री शेवाळाच्या जाड पट्ट्यांसकट तो वर आला, पायाला दोन वेढे बसलेले.

"पाय अडकलाय हेच कळलं नाही," तो धापा टाकत म्हणाला. मग पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या बोयाकडे बघत राहिला. "ग्वेन, आपला लाल बोया मातकट का दिसतोय? उजवा झाकून डाव्या डोळ्यानं बघ."

"माझ्या डाव्या डोळ्यानं लालच दिसतोय, गाढवा! बुडबुडे काय डोळ्यात शिरले?" मी इंजिन सुरू केलं. तो काहीबाही सांगत होता, जिरवतो, पुन्हा उतरतो. मी ऐकलंच नाही. धक्क्यावरून त्याला गाडीत कोंबलं आणि थेट होबार्ट शहर गाठलं.

इस्पितळात आधी त्याला दाबाच्या खोलीत ठेवलं, बुडबुड्यांवर तोच इलाज. काही फरक नाही. मग एमआरआय काढला. डॉक्टर हॅडली नावाच्या बाईंनी आम्हाला समोर बसवलं. पडद्यावर लिंडनचा मेंदू, त्यात पांढरे ठिपके.

"दोन शक्यता आहेत," त्या म्हणाल्या. "वर्षानुवर्षं खोल पाण्यात उतरणाऱ्यांच्या मेंदूतही असे ठिपके सापडतात. किंवा हा मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. शरीर आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडतं. या बेटावर त्याचे रुग्ण जास्तच आहेत."

"बुडबुडेच असणार," लिंडन म्हणाला. कान खाजवला.

"घरात कुणाला असा त्रास?"

"नाही. आई प्यायची, बस्स."

"प्यायची म्हणजे? काय व्हायचं?"

मग मीच सांगितलं. झोकांड्या, बशा, अडखळती जीभ. गरम पाण्यानं आंघोळ केली की टबातून उठताच यायचं नाही. मधेच महिना-दोन महिने अगदी चांगली असायची, मग पुन्हा सुरू. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"एमएसमध्येही गरम पाण्यानं असंच गळून जायला होतं. तिला पिताना कुणी पाहिलं होतं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी नव्हतं पाहिलं. लिंडन तर ती गेली तेव्हा आठ वर्षांचा होता.

"गेलेल्या माणसाचं निदान मी करू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण याचं करायला हवं. आणखी एक वेगळं चित्र काढू. त्यात अगदी बारीक शिरासुद्धा काळ्या रेघेसारख्या दिसतात. एमएसचे ठिपके शिरेभोवती धरतात. बहुतेक ठिपक्यांच्या मधोमध शीर दिसली, तर उत्तर जवळपास मिळालंच."

बाहेर आल्यावर लिंडननं माझी बाही धरली. "बुडबुडे निघाले तर सहा महिने घरी बसेन, मग परत उतरेन. दुसरं निघालं तर समुद्र संपला, ग्वेन." बाही न सोडताच तो म्हणाला, "पण मग आई..." देवाकडे काय मागावं ते मला कळेना. भावाचं भलं मागितलं तर आई पुन्हा दारुडी ठरत होती.

चित्र काढताना मी आत बसायचा हट्ट धरला. अंगावरच्या सगळ्या धातूच्या वस्तू काढून ठेवायला लावल्या, मग परवानगी मिळाली. त्या नळकांड्यात तो डोक्याकडून कमरेपर्यंत गेला आणि यंत्र ठोकायला लागलं. हलायचं नाही, अशी ताकीद. फक्त त्याचे पाय बाहेर. मध्ये जरा शांतता झाली तेव्हा मी त्याचा उजवा पाय एकदा दाबला. ठीक आहेस ना? काही नाही. जोरात दाबला. काही नाही. मग डावा दाबला, आणि लगेच अंगठा एकदा हलला. म्हणजे उजव्यातलं किती गेलं होतं, हे या माणसानं मलासुद्धा सांगितलं नव्हतं! पुढे सगळा वेळ मी डावा पाय धरून बसले.

चार दिवसांनी बाईंनी चित्र लावलं. एकेक ठिपका बोटानं दाखवत गेल्या. यात शीर. यात शीर. यात नाही. यात आहे, यातही. लिंडन पुढे वाकून बघत होता. तो कान खाजवत नव्हता.

"औषध आजपासून सुरू करू," त्या म्हणाल्या. "दर सहा महिन्यांनी पुन्हा चित्र. नवा ठिपका दिसला तर औषध बदलू. तुम्हाला काही जाणवायच्या आधी ते चित्रात दिसेल. पाण्यात मात्र उतरायचं नाही."

"बरं," लिंडन म्हणाला. "याची एक छापील प्रत द्याल? घरी दाखवायचीय."

घरी म्हणजे बाबांना. बाबा शहाऐंशीचे, जन्मभर सफरचंदाच्या बागेत राबलेले. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून त्यांनी भिंग घेऊन चित्र पाहिलं. लिंडननं त्यांना सगळं सांगितलं, पाय, डोळा, गरम पाणी. आईचं नाव एकदाही घेतलं नाही. गरजच नव्हती.

"मधे देठ आहे," बाबा म्हणाले. "सफरचंद उभं कापल्यावर दिसतं तसं."

"हो."

मला वाटलं, आता नेहमीसारखे उखडतील. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"मी बाटली खूप शोधली रे," ते म्हणाले. "कपाटं, गादी, कोंबड्यांचं खुराडं. एकदा तर जमिनीच्या फळ्या काढल्या. ती खाटेवरून बघत होती. बाटली कधीच सापडली नाही. मला वाटायचं, लपवण्यात काय पटाईत आहे बाई."

मी चुलीकडे तोंड फिरवलं. उगाच किटली विसळत बसले.

लिंडन उठायला गेला. उजवा पाय दगा देणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं टेबलाची कड पकडली. तेवढ्यात बाबाच उठले. "ती म्हणायची, सेड्रिक, हात दे," ते म्हणाले. "मी म्हणायचो, आधी दारू उतरू दे, मग उठ." त्यांनी हात पुढे केला. लिंडननं तो धरला, आणि दोघं दारापर्यंत चालत गेले.