अंगठ्याखालची केबल

बसवनगुडीतला आमचा बॅटरीवाला केबल डोळे मिटून, अंगठ्यानं चाचपत तपासायचा. "रबर जाडच दिसतं, अण्णा. आत तांबं किती, ते बघायचं," म्हणायचा.

त्या सकाळी माझी गाडी सुरूच होईना. केबल त्यानंच वर्षापूर्वी बसवलेली, बाहेरून नवीकोरी. मी त्याला बोलावलं आणि बॅटरीला दोष दिला. "स्वल्प थांबा," तो नेहमीसारखं कन्नड मिसळत म्हणाला. अंगठा केबलवरून सरकत गेला आणि एका जागी थबकला. त्यानं सुरीनं रबर उभं चिरलं. आतलं तांबं हिरवं पडलं होतं.

"टोक मी नीट बंद केलं नव्हतं. पाणी शिरलं. माझंच चुकलं, अण्णा."

त्यानं बॅटरीवर ढकललं असतं, तर मला कळलंही नसतं. ऑफिसात मी वीस वर्षं काढली. स्वतःचं काम असं चिरून कुणी दाखवलं नाही. मीही नाही.