दोघींत एक पट्टा

प्रिस्का मुबांगा किट्वे शहरातल्या एका बंगल्यात मुलं सांभाळायची. बंगला खाणीतल्या एका गोऱ्या इंजिनिअरचा. त्याच्या बायकोला नोकरमाणसं मॅडम रूथ म्हणत. मुलं दोन, दोन्ही हट्टी. गाडीत बसायची वेळ झाली की दोघांच्या अंगात यायचं. पण मॅडम रूथ बाकी सगळ्या बाबतीत ढिली असली तरी या एका बाबतीत दगड होती. मुलं आपापल्या खुर्चीत बसून पट्ट्यांत अडकल्याशिवाय ती गाडीची किल्ली फिरवायची नाही.

"प्रिस्का, खटका वाजला का?"

"वाजला, मॅडम."

"ओढून बघितलंस?"

"बघितलं, मॅडम. खांद्यापाशी एक बोट जातंय, तेही कसंबसं."

मॅडमनं तिला सगळं नीट शिकवलं होतं. पट्टा खांद्यावरून आणि कमरेच्या हाडावरून जायला हवा, पोटावरून नाही. पीळ पडता कामा नये. मूल आणि मोठं माणूस एका पट्ट्यात तर कधीच घ्यायचं नाही. गाडी अचानक थांबली की मोठ्याचं सगळं वजन लहानाच्या अंगावर येतं. प्रिस्का हुशार होती. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे.

तिला स्वतःची एक मुलगी होती, न्कांडू. ती जन्मली आणि वुसाकिलेच्या वस्तीत प्रिस्काचं नाव कुणी घेईनासं झालं. ती झाली बाना न्कांडू, न्कांडूची आई, आणि तिचा नवरा गेर्शम झाला बाशी न्कांडू. दिवसभर न्कांडू आजीजवळ, गेर्शमच्या आईजवळ, राहायची. पण आजी चर्चच्या बायकांबरोबर कुठे गावाला गेली की प्रिस्का तिला कामावर घेऊन जायची.

अशाच एका दिवशी मॅडम सगळ्यांना घेऊन बाजारात निघाली. मागच्या सीटवर दोन खुर्च्या, दोन खुर्च्यांत दोन मुलं. मधल्या अरुंद जागेत प्रिस्का बसली आणि तिच्या मांडीवर न्कांडू. नेहमीसारखा प्रश्न आला, खटका वाजला का. प्रिस्का म्हणाली, वाजला. मॅडमनं आरशातून मागे पाहिलं. तिची नजर न्कांडूवर थांबली, प्रिस्कानं ती थांबलेली पाहिली. मग मॅडम म्हणाली, "मी हळू चालवते हं."

आणि खरंच तिनं हळू चालवली. पुढेही जेव्हा जेव्हा न्कांडू बरोबर असायची तेव्हा मॅडम गाडी हळूच चालवायची.

खाणीचं काम संपलं तसं ते कुटुंब आपल्या देशी परतलं. जाताना मॅडमनं भांडी दिली, पडदे दिले आणि धाकट्याची गाडीतली खुर्ची दिली. गेर्शमनं तेव्हा नुकतीच एक जुनी गाडी घेऊन टॅक्सी सुरू केली होती. प्रिस्कानं ती खुर्ची मागच्या सीटवर स्वतः बसवली, गुडघा रोवून, सगळं अंग टाकून पट्टा आवळला आणि न्कांडूला आत बसवलं. पोरगी राणीसारखी बसली. खिडकीतून तिला पहिल्यांदाच बाहेरचं दिसत होतं.

गेर्शम वाईट माणूस नव्हता. बायकोला लागेल असं बोलायचा नाही. पण टॅक्सीत एका माणसाची जागा खुर्ची खाणार हे त्याला परवडेना. म्हणून सोमवार ते शनिवार ती ओसरीत पडून राहायची आणि फक्त रविवारी चर्चला जाताना गाडीत चढायची. घरात सगळे जिला मायो, म्हणजे आई, म्हणत त्या सासूला मात्र रविवारचंही सोसवेना.

"आम्ही सात पोरं पाठीशी बांधून वाढवली," ती शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. "आता पोराला आईच्या अंगाची ऊब नको, प्लास्टिकची खुर्ची हवी! गोऱ्यांची धुणी धुऊन आमची सूनबाई पण गोरी झाली."

"मायो, पाठीशी बांधून चालायला काही हरकत नाही," प्रिस्का म्हणायची. "गाडीचं वेगळं असतं."

"हो बाई, तुला ठाऊक. आम्ही काय, झाडावरून उतरलो."

अंगणात हशा पिकायचा. गेर्शमही हसायचा, पण बायकोकडे न बघता.

सासूच्या भाचीचं लग्न लुआन्श्याला निघालं. पहाटे निघायचं ठरलं. गाडीत पुढे सासू, कारण थोरली. मागे प्रिस्का, गेर्शमच्या दोन बहिणी, त्यांच्यात लग्नाला न्यायचे टोप आणि चितेंगेच्या कापडांची गाठोडी. प्रिस्का खुर्ची उचलून दारात उभी होती.

"ही कुठे ठेवायची?" तिनं विचारलं.

"माझ्या डोक्यावर ठेव," धाकटी नणंद म्हणाली. दुसरी हसून हसून वाकली.

"बाना न्कांडू, आजच्या दिवस राहू दे," गेर्शम अजिजीनं म्हणाला. "लग्नाचं घर आहे. उशीर नको. मी जपून चालवीन."

"मग मी आणि न्कांडू बसनं येतो."

"आणि लोकांना काय सांगू? सून आमच्या गाडीत बसत नाही म्हणून?" सासूनं पुढच्या सीटवरून हात पसरले. "दे इकडे माझी बाहुली. मी काय तिला टाकून देणारे?"

न्कांडू आपणहून आजीकडे गेली. प्रिस्कानं खुर्ची ओसरीत परत ठेवली आणि मागे जाऊन बसली. नंतर कितीतरी रात्री तिनं मनातल्या मनात ती खुर्ची पुन्हा पुन्हा उचलली आणि प्रत्येक वेळी ती बसनंच गेली.

शहर सोडल्यावर पुढे पोलिसांचा अडथळा दिसला. गेर्शम म्हणाला, "मायो, पट्टा." सासूनं पट्टा ओढला आणि स्वतःच्या आणि मांडीवरच्या न्कांडूच्या भोवतीनं एकत्रच घेऊन अडकवला.

प्रिस्का पुढे वाकली. "मायो, तसा नको. पोरीवरून नको. तिला मधून बाहेर काढा, नाहीतर माझ्याकडे द्या."

"दोघींत एक पट्टा, तर तुझ्या पोटात का दुखतंय? बांधली ना तिला? तुलाच तर बांधायची हौस!"

तेवढ्यात पोलीस खिडकीशी आला. त्यानं आत डोकावून पाहिलं. आजी, मांडीवर फ्रॉकमधली नात, दोघींवर ताणलेला पट्टा. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "शाबास, आजी! सगळ्यांनी असं केलं तर आम्हाला काम उरणार नाही."

गाडी पुढे निघाली. सासूनं मान वळवून सुनेकडे पाहिलं. ती नजरच बोलून गेली. प्रिस्का मागे टेकून बसली. आता सरकारनंही शाबासकी दिली होती, ती काय बोलणार?

लुआन्श्याच्या वळणापुढे रस्त्यात एक ट्रक बंद पडून उभा होता. मागे खूण म्हणून कुणी झाडाच्या फांद्या टाकल्या होत्या, पण अगदी ट्रकला लागून. उगवतीचं ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं. गेर्शमला फांद्या दिसल्या तेव्हा त्यानं ब्रेक दाबला. गाडी जवळजवळ थांबलीच होती. जवळजवळ. बॉनेट चेपलं, एक दिवा फुटला, टोपांचा खणखणाट झाला. मागच्या बायकांना खरचटलं. बघ्यांपैकी एक जण म्हणालाही, देवाची कृपा, काही झालं नाही.

न्कांडू रडत होती. जोरात रडत होती म्हणून सगळ्यांना बरंच वाटलं. अंगावर रक्ताचा थेंब नव्हता. मग तिचं रडणं कमी झालं. सासू म्हणाली, दमली बिचारी, झोपते आहे. प्रिस्कानं तिला कडेवर घेतलं, तिच्या पोटाला हात लावला आणि ओरडली, "दवाखाना! आत्ताच्या आत्ता दवाखाना!"

दुपारपर्यंत न्कांडू गेली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं नवरा-बायकोला बाजूला घेऊन खाली बघत सांगितलं. पट्टा आणि आजीचं अंग यांच्या मध्ये ती चेंगरली होती. आत सगळं फाटलं होतं. बाहेर आल्यावर गेर्शमनं प्रिस्काचे दोन्ही हात धरले. तो रडत होता.

"मायोला हे कळता कामा नये. ती मरेल. मला वचन दे."

प्रिस्कानं मान हलवली. त्या घटकेला तिनं कशालाही मान हलवली असती.

घरी दुखवटा सुरू झाला. बसायला जागा व्हावी म्हणून सामान बाहेर काढलं, बायका जमिनीवर पसरल्या, बाहेर पुरुष शेकोटी पेटवून बसले. येणारी प्रत्येक बाई आधी आजीच्या गळ्यात पडायची, आणि आजी प्रत्येकीला तेच सांगायची, "मी तिला सोडलं नाही गं! शेवटपर्यंत धरून ठेवली होती. एवढी गाडी आदळली, पण माझ्या हातातून पोर सुटली नाही." बायका म्हणायच्या, तुम्ही केलंत तेवढं कोण करतं, मायो. देवाला आवडली, नेली. कोपऱ्यात बसून प्रिस्का ते ऐकायची. दर नव्या पाहुणीबरोबर पुन्हा एकदा ऐकायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी फोनवर मॅडम रूथचा निरोप आला. तिला कुणाकडून तरी कळलं होतं. खूप दुःखाचे शब्द होते, आणि शेवटी एक प्रश्न होता: ती खुर्चीत बसली नव्हती का?

 प्रिस्कानं आवाज मुद्रित करून पाठवला. "नव्हती, मॅडम. तुमच्या गाडीत बसायची, तशी मांडीवर बसली होती."

निरोप ऐकल्याची खूण उमटली. उत्तर आलं नाही. तेव्हाही नाही आणि त्यानंतर कधीच नाही.

प्रिस्कानं वचन पाळलं. वर्ष उलटलं, पावसाळा आला गेला, तिनं तोंड उघडलं नाही. सासूबरोबर बसून शेंगदाणे कुटले, तिच्या पुढ्यात मक्याच्या न्शिमाची थाळी ठेवली. सगळे तिला अजून बाना न्कांडूच म्हणत, आणि ती ओ देत राहिली. गेर्शमनं बॉनेट ठोकून घेतलं, गाडी पुन्हा रस्त्यावर आली.

मग धाकट्या नणंदेला मुलगा झाला. त्याला डोस पाजायला न्यायचं होतं. गेर्शमनं गाडी दारात लावली. सासू पुढे बसली आणि तिनं हात पसरले.

"आण इकडे. मी धरते. माझ्या हातातून मूल सुटत नाही, सगळ्या वस्तीला ठाऊक आहे."

नणंद बाळ देणार एवढ्यात प्रिस्कानं तिचा दंड पकडला.

"नको देऊस."

"काय झालं?"

"मायो, न्कांडू अपघातानं गेली नाही," प्रिस्का म्हणाली. तिचा आवाज चढलासुद्धा नाही. "गाडी जवळजवळ थांबली होती. ती तुमच्या अंगाखाली चेंगरली. पट्ट्यानं तिला तुमच्यापुढे बांधून ठेवलं, म्हणून चेंगरली. डॉक्टरनं सांगितलं. तुमच्या मुलाला विचारा."

म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. गेर्शमनं 'खोटं आहे' म्हणायला हवं होतं. त्यानं मान खाली घातली. तेवढ्यानं झालं.

ती गाडीतून उतरली, अंगणातच मातीत बसली आणि आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघत राहिली. नणंदेनं बाळाला पाठीशी बांधलं आणि पायीच निघून गेली. बाळ वाचलं म्हणा, पण त्या दिवसापासून ती प्रिस्काशी एक शब्द बोलली नाही.

म्हातारीनंही बोलणं टाकलं. मग खाणं टाकलं. तिला कसामाच्या बाजूला गावी नेऊन ठेवलं, आणि पुढचा पाऊस पडायच्या आत ती तिथेच वारली. पुरून आल्यावर गेर्शम म्हणाला, "तू माझ्या आईला मारलंस."

"आणि मी गप्प बसले असते तर?"

"तर आई आणि बाळ दोघं जगली असती. मी हळू चालवली असती."

प्रिस्काला हसू आलं. खरं हसू, आवरेना असं. गेर्शमनं ते कधीच माफ केलं नाही. तिचं सामान त्यानं स्वतः टॅक्सीतून तिच्या बहिणीच्या घरी पोचवलं.

काही वर्षांनी ती एका वकीलबाईंकडे मुलं सांभाळायला लागली. बाई म्हणजे मिसेस सिकाझ्वे, तिच्याच लोकांतल्या, पण मोठ्या घरच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी तिचं कौतुक केलं, की पट्टे इतके नीट बांधणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. कुठे शिकलीस, असं विचारलं. प्रिस्का म्हणाली, "कामावर."

एका दुपारी मुलांना शाळेतून घेऊन परतताना बाईंची गाडी सिग्नलला थांबली. शेजारी एक टॅक्सी येऊन उभी राहिली. चालवत होता गेर्शम. त्यानं दुसरं लग्न केल्याचं तिनं ऐकलं होतं. पुढच्या दोन सीटांमध्ये एक छोटा मुलगा समोरचा रस्ता बघत उभा होता. कान अगदी बापासारखे.

प्रिस्कानं दार उघडलं आणि ती भर रस्त्यात उतरली. तिनं टॅक्सीच्या काचेवर पंजा आपटला.

"बाशी न्कांडू! त्याला मागे बसव!"

मागचे उतारू हसले. कुणीतरी म्हणालं, वेडी दिसते. गेर्शमनं समोर पाहत गाडी गियरमध्ये टाकली.

"बसव म्हणते ना! की हा पण पुरायचाय?"

उतारूंचं हसणं थांबलं. गेर्शमचा हात तसाच राहिला. मग त्यानं मागे वळून मुलाला उचललं, एका बाईला सरकायला लावून मधे बसवलं आणि कमरेचा पट्टा त्याला एकट्याला अडकवला. मुलगा भोकाड पसरून रडू लागला. गेर्शमनं प्रिस्काकडे एकदाही पाहिलं नाही. सिग्नल हिरवा झाला होता, मागून हॉर्न वाजत होते, आणि टॅक्सी निघून गेली.

प्रिस्का परत येऊन बसली तेव्हा मिसेस सिकाझ्वे संतापल्या होत्या.

"चालत्या रस्त्यात माझ्या मुलांच्या बाजूचं दार उघडं टाकून तू उतरलीस? त्यांना काही झालं असतं तर?"

"चूक झाली, मॅडम."

"कोण होता तो?"

"माझ्या मुलीचा बाप."

बाईंनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "तुला मुलगी आहे? कधी बोलली नाहीस."

प्रिस्कानं मुलांचे पट्टे पुन्हा ओढून बघितले. महिना भरल्यावर बाईंनी दुसरी बाई ठेवली.