देवराईची टोपलीभर माती

तळेऱ्याजवळच्या वाळूच्या खाणीमागे टाकाऊ मातीचा ढीग आहे. त्यावरच्या झाडांना लोक 'बाईंची झाडं' म्हणतात. बाई म्हणजे मी. ते ऐकलं की मला अजून राग येतो, आणि तो माझाच येतो.

तेव्हा मी वनस्पतिशास्त्र शिकून खाणीच्या रोपवाटिकेत नुकतीच लागले होते. आदल्या वर्षीची सगळी रोपं ढिगावर करपली होती. माझं म्हणणं एकच, रोपांच्या मुळांना बुरशी हवी. ती मुळांत राहते आणि नापीक मातीतूनही झाडाला अन्नपाणी पोचवते. ती मिळणार देवराईच्या मातीत. पण तिथली वाळकी काटकीसुद्धा देवाला विचारल्याशिवाय कुणी उचलत नाही. देवळाच्या मानकऱ्यांनी देवापुढे गाऱ्हाणं घालून एक टोपली माती दिली. मृगापर्यंत रोपं तयार झाली नाहीत तर रोपवाटिका बंद, आणि आम्ही दोघी घरी. दुसरी म्हणजे रोपांना पाणी घालणारी काकी.

मी दोन दिवस रजेवर गेले. जाताना एवढंच म्हटलं, "काकी, ही माती जपा." बुरशीचं तिला काय कळणार, असं वाटलं मला. दीडशहाणी कुठची मी!

परत आले तर मातीतून धूर निघत होता. भाताच्या वाफ्यावर पाला-शेण पसरून भाजावळ करतात, तशी काकीने ती माती मनापासून भाजली होती. बुरशी गेली. मी तोंडाला येईल ते बोलले.

"तुझी झाडां बरी येवंदेत म्हणान भाजलंय गो बाय," ती रडवेली झाली. "माका काय म्हायत?"

मृगाला जेमतेम दोन महिने होते. दुसऱ्या दिवशी काकीच मला आणखी एक टोपली मागायला देवळात घेऊन गेली. दहा-बारा माणसं बसली होती. मानकऱ्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "पयल्या मातयेचा काय झाला?"

काकी पुढे झाली. "मी भाजलंय. माझी चूक."

मातीत काय आहे ते मी तिला सांगितलंच नव्हतं, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण दुसरी टोपली मिळाली नाही तर? मी ते गिळलं.

मानकऱ्यांनी हात जोडले. "बा देवा महाराजा, ह्या लेकरान अजाणतेपणी चूक केल्यान आसा, ती पोटात घाल..."

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.