वहिनी पुढे, दादा मागे

आमचा दादा काचा बसवायचा. दुकानाला पाटी नव्हती, लोक काचवाला म्हणूनच ओळखायचे. मला लहानाचं मोठं त्यानंच केलं. वहिनी घरात आली तेव्हा मी तिच्या कमरेएवढी होते, म्हणून केस पांढरे झाले तरी तिच्यासाठी मी अजून बारकीच.

दादाच्या हाताखाली माणूस टिकायचा नाही. जरा चुकलं की घालूनपाडून बोलायचा. शेवटी वहिनीच बाह्या सरसावून कामाला लागली. मोठी काच न्यायची म्हणजे एक माणूस पुढे आणि एक मागे. पुढच्यानं मान वळवायची नाही, कारण मान वळली की अंग वळतं आणि काच गेलीच. मागचा सांगेल तसं चालायचं. चल म्हटलं की चल, थांब म्हटलं की थांब. वहिनी पुढे, दादा मागे. जिने, बोळ, अरुंद दारं, सगळीकडून दोघांनी अशाच काचा नेल्या. वहिनी म्हणायची, मला वाटलं नवरा मिळाला, मिळाला तो मागून ओरडणारा. दादा म्हणायचा, पुढे बघ.

एकदा तळ्याकाठच्या एका लॉजच्या खिडक्यांचं काम मिळालं. वहिनी तापानं झोपलेली, म्हणून तो दुसरा माणूस घेऊन गेला. भाजीत मीठ नाही हे सांगायचाही ज्याला कंटाळा, तो दादा परत आला आणि तळ्याबद्दल बोलतच सुटला. काच बसवली की पुसायची, पण तिथं म्हणे फडकं हातातच राहिलं. पाण्याच्या कडेकडेनं सायकलची वाट आहे, झाडांतून जाते, गाड्या नाहीत. तुला नेणार, वहिनीला म्हणाला. मग कधी काम आलं, कधी माझं बाळंतपण, कधी त्याचा गुडघा. राहूनच गेलं.

यंदा मात्र त्यानं जुन्या दोन सायकली आणल्या, तेल घातलं, पुसून लख्ख केल्या. वहिनीला सायकल येत कुठं होती! दुकानामागच्या बोळात दादानं शिकवली. शेजारणी हसायला यायच्या. मागे बघायला गेली की हँडल वळायचं आणि ही खाली. तेव्हा दादा म्हणाला, काच धरलीय असं समज. मी मागे आहे, थांबायचं असलं की सांगीन. मग जमलं तिला.

गेले दोघं. पहिल्या संध्याकाळी वहिनीचा फोन आला. बारके, पाणी केवढं गं, म्हणाली. आणि तुझा दादा चहा पिताना स्वतः बसवलेल्या काचांवर बोट फिरवून बघतोय, मालक घाबरलाय. आम्ही दोघी खूप हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं सायकलींवर निघाले. ही पुढे, आणि बडबड चालू. स्वयंपाकघराला कुठला रंग द्यायचा ते सांगत होती. दादा काही बोलत नव्हता, पण तो कधी बोलतो. पुढे वळणावर एक बाक आहे, तिथं ती उतरली, सायकल लावली आणि मग मागे बघितलं. वाट रिकामी होती.

आधी चालत गेली, मग पळत. दादा एका झाडाला टेकून बसलेला, सायकल बाजूला स्टँडवर. गेला होता. तेवढ्यात लॉजवरची माणसं धावत आली, पण काही उपयोग नव्हता. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं.

वहिनीच्या मनात ती सायकल जाऊन बसली. उतरले, सायकल नीट लावली, बसले, म्हणजे शुद्धीत होते ना गं? मग मला थांब म्हणाले असतील. मी रंग सांगत बसले आणि मला ऐकूच आलं नाही. येईल त्याला हेच विचारायची. जेवण नाही, अंघोळ नाही, डोळ्यांत पाणी नाही. कुणी कितीही समजावलं तरी परत तेच, मला हाक मारली असेल का?

सायकली तिथंच राहिल्या होत्या, त्या आणायला मी गेले. तिथं बोटी भाड्यानं देणारा एक म्हातारा आहे. त्या दिवशी मदत आणायला लॉजकडे पळाला तो हाच, नंतरच्या गोंधळात त्याला कुणी काही विचारलंच नाही. तुम्ही बहीण का, म्हणाला, आणि सांगायला लागला. "त्यांचा आवाज अगदी खोल गेला होता. मी म्हटलं, बाईंना हाक मारतो. तर माझा हात धरला. म्हणाले, नको, मागे बघेल आणि पडेल. छान चाललीय, जाऊ दे."

घरी येईपर्यंत मला कळेना, हे सांगू की गिळू. पण ती रोज त्या हाकेपायी मरत होती. सांगितलं. जसं ऐकलं तसंच, शब्द न बदलता.

 वहिनी उठली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून आवाज आला. आधी हळू, मग मोठा. उभ्या जन्मात जिनं दादाला अहोशिवाय हाक मारली नाही, ती त्याला अरे-तुरे करत होती.

"पडले असते तर पडले असते! गुडघा फुटला असता माझा, दुसरं काय झालं असतं? तुझ्याजवळ आले असते ना रे!"

आणि मग रडली. शेजारणी धावत आल्या, पण मी दारात बसले आणि कुणालाही आत जाऊ दिलं नाही. त्या दोघांचं भांडण होतं, होऊ दिलं.