बग्गीच्या रेसचा स्क्रू

बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या अंगाला चंद्रीचा पाडा आहे. ॲम्ब्युलन्स डांबरी फाट्यापर्यंत येते, वर येत नाही. येणार तरी कशी? वरच्या वाटेला रस्ता म्हणायचं ते केवळ सवयीनं. म्हणून अंबरनाथच्या एका कारखान्यानं पाड्याला जाड टायरांची, मागे हौदा असलेली बग्गी दिली. नारळ फुटला, साहेबांचे फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न पडला की चालवायची कुणी? बाप्ये सगळे मोरिवलीच्या कारखान्यांत पाळीला. उरली चंद्री. धरणाजवळच्या एका फार्महाऊसवर झाडलोट करता करता ती असलीच गाडी चालवायला शिकली होती.

या गाडीला क्लच नाही. आत पट्टा असतो. इंजिन जोरात फिरलं की तो आपोआप धरतो आणि चाकं फिरू लागतात. म्हणून उभ्या गाडीत इंजिनाची रेस, म्हणजे फिरण्याचा वेग, मापात हवी. कमी पडली तर चढावर गाडी बंद. जास्त झाली तर ॲक्सिलेटर न दाबताही बाईसाहेब आपल्या चालू लागतात. हे सगळं एका बोटभर स्क्रूवर ठरतं: पिळला की रेस चढते, ढिला केला की उतरते. तो मापात बसवायचं काम चंद्रीचं. निदान तिचंच असायला हवं होतं.

पण पाड्याची रीतच अशी, की सगळ्यांची वस्तू म्हटली म्हणजे तिच्यावर सगळ्यांचा हात. पाड्यातले वडीलधारे महिपतीबाबा पेट्रोल वर्गणीचं म्हणून येता-जाता स्क्रू ढिला करायचे. चंद्रीचा धाकटा दीर सखा कामावरून आला की तोच स्क्रू पिळायचा, कारण इंजिन ओरडलं म्हणजे गाडी ताकदीची, असं त्याचं ठाम मत. दोघांचं निस्तरायचं चंद्रीनं. ती ओरडून ओरडून थकली. सखा नुसता हसायचा. आपण मशीनवर काम करतो, बाईमाणसाला त्यातलं काय कळतंय, असं चारचौघांत म्हणायचा. संताप येतो तो याचाच. गाडी तिनं चालवायची आणि अक्कल यांनी शिकवायची!

सखाची लेक रविना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. फाट्यावर ॲम्ब्युलन्स येतेय असा फोन आला. बायकांनी रविनाला उचलून हौद्यात गोधडीवर निजवलं आणि तिची आई बनूबाई तिच्या उशाशी बसली. चंद्रीनं गाडी चालू करून गिअर टाकला. तो करकरत पडला आणि ब्रेकवर पाय असतानाही बग्गीनं हिसडा देऊन पुढे उडी घेतली. बनूबाई कठड्यावर आपटली, रविना किंचाळली.

चंद्रीच्या लगेच ध्यानात आलं. लेकीसाठी गाडी जोमात असावी म्हणून सखानं आदल्या संध्याकाळी स्क्रू पार पिळून ठेवला होता. मायेनंच केलं होतं. पण त्या मायेला विचारायची अक्कल नव्हती. चंद्रीनं गिअर काढला आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली उतरली.

“तिला खाली घ्या,” ती म्हणाली. “गाडी अशी नेली तर खाली ओढ्याच्या वळणावर थांबायची नाय.”

लेकीसाठी त्या दिवशी घरीच थांबलेल्या सखाचा तोल सुटला. “पोर मरायला टेकली, आन तू स्क्रू पिळत बसतेस?”

चंद्री स्क्रूपाशी वाकली. पण तो लगेच फिरवला नाही. थंड इंजिनावर बसवलेली रेस इंजिन तापलं की पुन्हा चढते, म्हणून ते तापेपर्यंत थांबणं भाग होतं. रविना ओट्यावर कण्हत होती आणि बायका चंद्रीला शिव्या देत होत्या. तिलाही ती पोर लेकीसारखीच होती. इंजिन तापून त्याचा आवाज भरला, तशी तिनं थोडं थोडं ढिलं करत रेस उतरवली, गिअर टाकून पाहिला. चाकं जागची हलली नाहीत. मग रविनाला पुन्हा निजवलं. ओढ्याच्या वळणावर चंद्रीनं ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला, तशी बग्गी मुकाट्यानं सावकाश झाली. ॲम्ब्युलन्स वेळेत मिळाली आणि बदलापूरला पोचल्यावर रविनाला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

आता पाड्यानं चंद्रीला डोक्यावर घ्यावं की नाही? छे! बारसं आटोपलं आणि सखानं बैठक बसवली. कळा देणाऱ्या पोरीला वयनीनं गाडीतून खाली उतरवलं, हे त्यानं रंगवून सांगितलं. स्क्रू कुणी पिळला होता, ते सोयीस्कर गिळलं. महिपतीबाबांनी मान डोलावली आणि किल्ली सखाकडं द्यावी असं ठरवूनही टाकलं.

चंद्रीनं किल्ली कमरेची काढली आणि सखापुढं ठेवली.

“घे. आधी तुझ्या मनासारखा स्क्रू पिळ. मंग रविनाला आन तिच्या पोरीला मागं बसव, आन गाडी घे वळणावर.”

सखानं नातीकडं पाहिलं. किल्लीला हात लावला नाही. महिपतीबाबा पायाचा अंगठा चोळत बसले. चुकलो, असं त्यांतला एकही जण म्हणाला नाही.

शेवटी रविना उठली. पोर आईच्या मांडीवर दिली, किल्ली उचलली आणि काकीच्या हातात ठेवली. मग बापाकडे वळली.

“बाबा, त्या स्क्रूला परत हात लावलास, तर माझी पोर या पाड्यात यायची नाय.”