खिडकीजवळच्या खुर्चीचा डाव

पुस्तकं बांधायच्या कारखान्यात टाकेबाईंची जागा पुठ्ठे चिकटवायच्या सरसाच्या भांड्याशेजारी होती. एकोणीस वर्षं पुस्तकांना टाके घालताना सरसाचा उकळलेल्या हाडांसारखा वास त्यांच्या नाकात गेला, केसांत शिरला, घरच्या उशीपर्यंत पोचला. खिडकीजवळची खुर्ची रिकामी झाली, तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, ती मला द्या."

साहेब नुकतेच तीन दिवसांचं व्यक्तिमत्त्व-विकासाचं शिबिर करून आले होते. तिथून एक पिशवी, एक पेन आणि 'फिअर ऑफ लूझिंग', म्हणजे हरण्याची भीती, एवढा ऐवज त्यांनी आणला होता. कुणी रजा मागितली, फिअर ऑफ लूझिंग. कुणाला शिंक आली, तरी तेच.

"मागून काय मिळतं, बाई? जिंकून घ्या. जेवणाच्या सुट्टीत बुद्धिबळ, तुम्ही आणि मी. की आहेच फिअर ऑफ लूझिंग?"

"खेळू की," बाई म्हणाल्या. "हात लावाल ते मोहरं हलवायचं, एवढं मात्र पाळा."

"अहो, नियम म्हणजे नियम!"

साहेबांना एक खोड होती. येताजाता भांड्यात अंगठा बुडवायचा आणि चिमटीत सरस ताणून बघायचा. त्या दिवशीही हात न धुताच ते पटावर बसले. विसाव्या चालीला प्यादं उचलायला गेले, तर शेजारचा वजीर अंगठ्याला चिकटून वर आला! कुठेही ठेवला तरी बाई तो मारणार होत्या.

"वजीर हलवा, साहेब."

"मी कुठे उचलला? तो चिकटला!"

"बोट तुमचंच ना?" कातरकाम करणारे मामा म्हणाले.

"वातावरणच निगेटिव्ह आहे इथलं! पुन्हा पहिल्यापासून," असं म्हणत साहेबांनी दोन्ही हातांनी पट विस्कटला. वजीर अजून अंगठ्याला लोंबकळत होता.

बाईंनी त्या अंगठ्याकडे पाहिलं. पन्नाशीचा माणूस, एका खुर्चीसाठी असा रडीचा डाव!

त्यांनी सुई, दोरा, चष्मा उचलला आणि त्या खिडकीजवळ जाऊन बसल्या.

"बाई, डाव संपलेला नाही!"

"तुम्ही खेळा," त्या मान वर न करता म्हणाल्या.

मामांनी बाईंचा कागदांचा गठ्ठा तिकडे नेऊन ठेवला. साहेब चिंधीने अंगठा पुसत राहिले. बाईंचा पहिला टाका वाकडा पडला. त्यांनी तो उसवला आणि परत घातला.